मॉडेलचा आकडा आला, आता काय करायचं?

प्रश्न: मी आरोग्य खात्यात अधिकारी आहे. साथरोगांच्या मॉडेलिंगवर, म्हणजे साथ किती पसरेल याचा गणिती अंदाज बांधण्यावर, आमचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, पण सगळा वेळ समीकरणांतच गेला आणि सगळं डोक्यावरून गेलं. निर्णय घेताना याचा उपयोग नेमका कसा करायचा?

उत्तर: अहो, समीकरणं तुम्ही सोडवायचीच नाहीयेत, त्यासाठी माणसं आहेत. तुमचं काम त्यांना नेमके प्रश्न विचारायचं, आणि ट्रेनिंगमध्ये खरं तर तेच शिकवायला हवं होतं. आता २०१४ चं पश्चिम आफ्रिकेतलं इबोला घ्या, अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) सांगितलं की लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये जानेवारी २०१५ पर्यंत १४ लाख केसेस होऊ शकतात, आणि अख्ख्या साथीत नोंदल्या गेल्या साधारण २८,६००, मग लोक म्हणणारच की मॉडेल फेल! पण तो आकडा 'काहीच बदललं नाही तर' असा होता, नोंद न झालेल्या केसेसही धरून, आणि बदल तर झाला ना, बेड वाढले, दफन सुरक्षितपणे व्हायला लागलं.

म्हणून आकडा आला की आधी विचारायचं, काय गृहीत धरलंय आणि ते थोडं हललं तर काय होतं? एक रुग्ण सरासरी दोघांना लागण देतो असं धरलं तर साधारण निम्म्या लोकांना प्रतिकारशक्ती आली की साथ ओसरायला लागते, तिघांना धरलं तर दोन तृतीयांश लागतात, म्हणजे लसीची ऑर्डरच बदलली की. रेंज, म्हणजे कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, न देता एकच आकडा कोणी आणला तर मी तरी फाइल परत पाठवीन.

पुढच्या वेळी ट्रेनिंगमध्ये जुन्या साथीचा डेटा आठवड्या-आठवड्याने उघडत निर्णय घ्यायचा सराव मागून घ्या, स्लाइड्स नंतर वाचता येतात.