जुन्या मॉरिस मायनरच्या डॅशबोर्डवरची अनोळखी बटणं आणि लोंबत्या वायरी कशाच्या, हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नात शेवटी "मेकॅनिक म्हणतो, सगळं वायरिंग काढून नवीन टाकू" हे वाक्य नसतं, तर मी लिहायला बसलो नसतो. त्याला नको म्हणून सांगा. आजच फोन करून सांगा.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९५४ ची आहे. डॅशबोर्डखाली बिननावाचा एक ओढायचा नॉब आहे, एक टॉगल स्विच खालीवर करून काहीच होत नाही, आणि डॅशबोर्डखालच्या सामान ठेवायच्या शेल्फच्या मागे सुती वेष्टणाच्या दोन वायरी लोंबतायत. आमची गाडी १९५३ ची, सिरीज टू, ८०३ सीसीची. बाबांनी ती १९७१ साली मिरजेतल्या एका डॉक्टरांकडून घेतली. बाबा वीज मंडळात नोकरीला होते. गाडीचं बारीकसारीक काम ते स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला बोनेटला हात लावू द्यायचे नाहीत.

२००९ मध्ये बाबा गेले. गाडी चार वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. २०१३ च्या दिवाळीत मी आणि दादानं ती बाहेर काढायची ठरवली. टाकी धुतली, नवी बॅटरी बसवली, प्लग साफ केले, कार्बोरेटरच्या वाटीत वरून थोडं पेट्रोल ओतलं, चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा नॉब) ओढला, स्टार्टर ओढला आणि दुसऱ्या झटक्यात गाडी सुरू झाली! आई दारात आली होती. गल्लीच्या टोकापर्यंत, मारुतीच्या देवळापाशी गेलो आणि गाडी बंद पडली. ढकलत आणली. पुन्हा वाटीत पेट्रोल ओतलं, पुन्हा देवळापर्यंत गेली, पुन्हा बंद.

इलेक्ट्रिशियन आला. म्हणाला, पंप गेला. मायनरला एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप असतो, किल्ली फिरवली की टकटक वाजतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आमचा वाजत नव्हता. त्यानं पंपाला थेट बॅटरीवरून वायर दिली, तर वाजला. म्हणजे पंप चांगला होता. मग म्हणाला, वायरिंग सडलंय, सगळं फाडून नवं टाकायला लागेल. दादा लगेच तयार. वर म्हणाला, "बाबांनी जागोजागी जोड मारून गाडीचं वाटोळं करून ठेवलंय."

ते वाक्य मला लागलं. मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत मी जे केलं तेच तुम्ही करा, म्हणून सविस्तर सांगतो.

मी पंपाची पांढरी वायर धरली आणि उलटा निघालो. मायनरचं वायरिंग लुकास कंपनीच्या रंगांचं, त्यात पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, फ्यूज नसलेली. ती सरळ इग्निशनकडून यायला हवी होती. पण इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून आत आल्यावर ती स्टिअरिंगच्या दांड्याकडे वळली. तिथं मला जोड सापडला. दोन्ही वायरींचे पीळ एकमेकांवर घट्ट घेतलेले, लाइनमन खांबावर घेतो तसे. वर सोल्डर, त्यावर काळी टेप, आणि टेप सुटू नये म्हणून मेण लावलेल्या दोऱ्याचे बोटाबोटाच्या अंतरावर बारीक वेढे. हे काम बाबांचंच होतं, मला विचारावं लागलं नाही. घरातल्या पंख्याच्या आणि इस्त्रीच्या वायरीला तेच वेढे असायचे.

जोडातून निघालेल्या दोन वायरी शेल्फखाली काळ्या रंगवलेल्या एका टॉगलपर्यंत गेल्या होत्या. तो टॉगल आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. जुन्या पंख्याचा असेल, असं सगळे म्हणायचे. किल्ली चालू ठेवून मी तो दाबला आणि पंप वाजायला लागला. आधी भराभर, मग सावकाश, वाटी भरल्यावर थांबला.

तेव्हा मला आठवलं. बाबा अनवाणी गाडी चालवायचे, चपला सीटखाली. घरी आल्यावर उतरण्याआधी ते खाली वाकायचे आणि मग दार उघडायचे. आम्हाला वाटायचं, चपला काढतायत. चपलांच्या आधी ते रोज पंप बंद करत होते. गाडी रात्रभर रस्त्यावर असायची आणि त्या काळच्या किल्ल्या ठरावीक नंबरांच्याच, एकाची किल्ली दुसऱ्याच्या गाडीला सहज लागायची. चोरानं गाडी सुरू केली तरी ती देवळाच्या पुढं गेली नसती.

मी पुण्याला परतलो आणि पुढच्याच महिन्यात दादानं त्याच इलेक्ट्रिशियनकडून सगळं वायरिंग फाडून घेतलं. कारण काय, तर "कधीतरी करायचंच होतं." साठ वर्षांचं सुती विणीचं हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेला वायरींचा जुडगा, भंगारात गेलं. त्याजागी सगळ्या वायरी लाल, नाहीतर काळ्या. आता काही बंद पडलं की कुठली वायर कुठं जाते, हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हेडलाइट लावले की स्विचमागची वायर हाताला गरम लागते, कारण ती बारीक टाकलीय. बाबांचा जोड मात्र बेचाळीस वर्षांत एकदाही गरम झाला नसेल. वाटोळं कुणी केलं, ते दादानं एकदा शांतपणे बघावं.

आता तुमच्या गाडीचं. नॉबच्या मागे हात घालून बघा. पोलादी वेटोळ्याची जाड केबल पत्र्यातून इंजिनाकडे जात असेल तर तो चोक किंवा स्टार्टर, विजेशी संबंध नाही. एसयू कार्बोरेटरला चोक थोडासा ओढला तर फक्त आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वाढतं, त्यामुळे "ओढून काही होत नाही" असं वाटू शकतं. मागे दोन वायरी असतील तर तो स्विच. पॅनलच्या दिव्याचा असेल तर साइड लाइट लावल्याशिवाय तो काहीच करणार नाही.

टॉगल कुणीतरी नंतर बसवलेला दिसतो. तो दोन्हीकडे करून पंप ऐका, हॉर्न वाजवा, ब्रेकचे दिवे बघा. "काहीच होत नाही" हे गाडी बंद असताना ठरवू नका.

रंग ओळखताना बाहेरच्या वायरीवर जाऊ नका, सुती वेष्टण विटून सगळं एकाच मातकट रंगाचं दिसतं. जिथं क्लिप आहे किंवा टेपचा वेढा आहे तिथं हलक्या हातानं सोडवून बघा, आत मूळ रंग राहिलेला असतो. तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट आणि कायम जिवंत. पांढरी वर सांगितलीच. हिरवी म्हणजे किल्लीनंतरची, फ्यूजमधून आलेली. लाल साइड आणि टेल लाइटची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली. पिवळी डायनामोकडून (इंजिनावर फिरून वीज तयार करतो तो) कटआउटला, म्हणजे ती वीज बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डब्याला येते. फ्यूज बॉक्सवर ए१ ते ए४ लिहिलेलं असेल: ए१-ए२ मधला फ्यूज कायम जिवंत, ए३-ए४ मधला किल्लीनंतरचा. अख्ख्या गाडीत हे दोनच फ्यूज, हेडलाइटला एकही नाही.

म्हणूनच हे आधी सांगायला हवं होतं: डॅशबोर्डखाली हात घालण्यापूर्वी बॅटरीची एक वायर काढा. तपासताना त्याच ठिकाणी, बॅटरीच्या आणि अर्थच्या वायरीच्या मधे, २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब जोडा. कुठं शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटेल, वायर जळणार नाही. आणि ही गाडी कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. तपासायच्या दिव्याला त्यानं फरक पडत नाही, पण मोबाइल चार्जर किंवा नवा रेडिओ तसाच जोडलात तर जळेल. मधल्या काळात कुणी उलट करून घेतलंय का, ते आधी बघा.

आणखी एक मान्य करतो. सुती वेष्टणाखालचं रबर वाकवल्यावर भुगा होऊन पडत असेल, तर ती वायर ठेवण्यात अर्थ नाही. तेवढीच फांदी बदला, त्याच रंगाची आणि त्याच जाडीची वायर टाका. प्रत्येक टोकाला आधी चिठ्ठी बांधा, मगच कापा.

लोंबणाऱ्या दोन वायरींबद्दल इथून ठाम सांगता येणार नाही. सिरीज टूला दरवाजामागच्या खांबातून वर येणारे दिशादर्शक हात असतात. कुणी ते काढून लुकलुकणारे दिवे लावले असतील, तर त्यांच्या वायरी अशा सुटून राहतात. टोकाला सोल्डर केलेली पितळी गोळी आहे, की नुसती पकडीनं कापलेली आहे? गोळी असेल तर कारखान्याची. दोन्ही टोकांचा जवळून फोटो टाका. कुठं मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे दिसले तर तोही टाका.