फवारणीच्या पत्रकावरचा 'उतारा'

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे : कपाशीवर मारायच्या कीटकनाशकासोबत जे घडीपत्रक येतं त्यावर हिंदीत 'प्रतिविष' आहे आणि मराठीत 'उतारा'. गावात उतारा म्हणजे सातबाऱ्याचा. मग मराठी शब्द चुकला का?

ताई, शब्द बरोबर आहे, आणि फार जुन्या वळणाचा आहे. मराठीत विष चढतं. तापही चढतो, नशा चढते, राग चढतो. जे चढलं ते उतरावं लागतं, आणि उतरवणारा तो उतारा. तलाठ्याकडचा उताराही 'उतरणे'मधूनच आला, मूळ नोंदीवरून उतरवून घेतलेला म्हणून. चौकात ओवाळून टाकलेला लिंबू-भात, तोही उताराच.

पण माझी काळजी वेगळी आहे. मागच्या खरिपात शेजारच्या फवारणीवाल्या भावानं असंच एक पत्रक ओसरीवर उलगडलं. मुंगीएवढी अक्षरं. बोट फिरवत तो 'उतारा'पाशी थांबला आणि म्हणाला, "मंग निंबूपाणी देल्लं त जमते न?" त्याचं काय चुकलं? भांगेवर लिंबू, दारूवर ताक, असा उतारा आपल्या घरातच असतो. शब्द ओळखीचा, म्हणून उपायही ओळखीचाच वाटतो. 'प्रतिविष' वाचून त्यानं निदान कुणाला तरी अर्थ विचारला असता.

फवारणीतलं विष बहुतेकदा कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं, त्यावर लिंबू काय करणार? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांवर उतारा म्हणजे ॲट्रोपिनचं इंजेक्शन, आणि ते किती द्यायचं हे रोग्याकडे बघत डॉक्टरच ठरवतात. कित्येक कीटकनाशकांना तर खास उताराच नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. तेव्हापासून मला या पत्रकातला एकेक शब्द तपासून बघावासा वाटतो.

1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार हे पत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एकदोन भाषांत छापावं लागतं. आपल्याकडे ती भाषा मराठी. पण पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या ओळींत उतरणारा मजूर कोलाम आदिवासी असेल तर तो घरी कोलामी बोलतो, आणि कोलामी त्या कागदावर मी कधी पाहिली नाही. मराठी वाचता येत नसेल तर त्याच्यासाठी उरतो विष किती जहाल ते दाखवणारा डब्यावरचा रंगीत त्रिकोण. लालवर कवटी तरी असते, पिवळ्या-निळ्या-हिरव्यावर तीही नाही. त्यात हिरवा रंग बघून कुणालाही वाटावं की हे निर्धोक आहे.

तरीही 'उतारा' बदलू नये असं माझं मत आहे, कारण शब्द चुकलेला नाही. त्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, एवढंच छापावं : 'उतारा दवाखान्यातच मिळतो. अंग साबणानं धुवा, कपडे बदला, डब्यावरचं लेबल घेऊन लगेच निघा.'