गव्हाणीत काय उरलं, ते लिही

पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा तुझ्या बाबांचा फोन आला. तुझा व्हिसा झाला, ऑगस्टात तू इंग्लंडात लॅम्बोर्नच्या एका यार्डात, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या पागेत, रुजू होतेस, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. जन्मभर सईस म्हणून राबलेल्या माणसाची लेक बर्कशायरच्या टेकड्यांवर घोडे पळवणार, या विचाराने मलाही त्या रात्री झोप लागली नाही. सध्या तुझ्या तोंडी चेल्टनहॅमशिवाय दुसरा शब्द नाही, असंही ते म्हणाले. म्हणून लगेच लिहायला बसलो. मी तिथे चौदा हंगाम काढले. मार्चबद्दल तुझ्याशी आताच बोलायला हवं.

मार्चच्या मध्याला चेल्टनहॅमचं फेस्टिव्हल, अडथळ्यांवरून उड्या घेत पळायच्या शर्यतींचं. मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस, 28 शर्यती. मंगळवारी चॅम्पियन हर्डल, शुक्रवारी गोल्ड कप, हे तुला पाठ असेल. पण अंतर नीट मनात आण. आपली इंडियन डर्बी 2400 मीटरची. गोल्ड कप त्याच्या दुपटीहून लांब, सुमारे 5.3 किलोमीटर. वाटेत 22 फेन्स, म्हणजे उंच, पक्के अडथळे, पाठीवर 11 स्टोन 10 पौंड, म्हणजे 74 किलोंच्या वर वजन, आणि शेवटची फेन्स पार केली की समोर चढ. टीव्हीवर तो चढ कळत नाही. मी पहिल्यांदा पायी चढलो तेव्हा मला धाप लागली होती. पाच किलोमीटर पळून आलेल्या जनावराकडून तिथे जे मागितलं जातं, ते मार्चमध्ये तयार करता येत नाही. ते तू पोचशील त्या आठवड्यापासून तयार होतं.

ऑगस्टात घोडे कुरणावरून परत आलेले असतात. पोट सुटलेलं, अंगावर चरबी, डोक्यात मस्ती. पुण्यात तू दोन-तीन वर्षांची शिंगरं पाहिलीस, तिथे दहा वर्षांचे घोडेही फेन्सवरून जातात आणि त्यांना दरवर्षी नव्याने बांधावं लागतं. पहिले कितीतरी आठवडे नुसतं चालणं, मग दुडकी, तीही बऱ्याचदा रस्त्यावर आणि चढावर. तुला वाटेल, मी ट्रॅकवर भरधाव घोडा धरणारी मुलगी, मला हे काय दिलं? कंटाळू नकोस. या संथ आठवड्यांत पाय कणखर होतात, आणि तुला त्या घोड्याची ओळख होते. कुठल्या वळणावर तो बुजतो, कुठल्या बाजूला जड चालतो, थंडीत पहिली दहा पावलं कशी टाकतो. हे तू ऑगस्टात शिकली नाहीस, तर फेब्रुवारीत काही बदललं तरी तुला कळणार नाही.

आता मुख्य गोष्ट. रोज पहाटे खोगीर चढवायच्या आधी पुढच्या दोन्ही पायांवरून हात फिरव. गुडघ्याच्या खाली, मागच्या बाजूने, घोट्यापर्यंत. हातमोजे काढून. तिथला टेंडन, म्हणजे कंडरा, दोरीसारखा घट्ट आणि गार लागायला हवा. डावा आणि उजवा ताडून बघ. काही घोड्यांना जुनी गाठ असते, ती गार असते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. तिची भीती नाही. भीती नव्या उष्णतेची. ती सुरुवातीला इतकी थोडी असते की आपलाच हात गरम आहे असं वाटतं.

मला तसंच वाटलं होतं. फेस्टिव्हलला नऊ दिवस होते. माझ्याकडे एक कुमैत घोडा होता, नोव्हेंबरपासून एकही चूक न केलेला. त्या सकाळी त्याच्या डाव्या पुढच्या पायाला किंचित ऊब लागली. रात्रभर पट्टी होती, तिचीच असेल, असं मी मनाशी म्हटलं. मालक खास त्याचा शेवटचा मोठा गॅलप बघायला आले होते. सगळं यार्ड त्याच्याकडे डोळे लावून होतं. मी गप्प राहिलो. घोडा सुंदर पळाला. संध्याकाळी पट्टी सोडली तर टेंडन केळ्यासारखा बाहेर आलेला. पुढचं वर्षभर तो उभा होता. परत आला, पण तो पूर्वीचा घोडा नव्हता. मला कोणी बोललं नाही, कारण सकाळचं कुणाला ठाऊकच नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे, तेही तुझ्यासाठी.

तेव्हा ऊब लागली की हेड लॅडला, म्हणजे यार्डातल्या मुख्य सईसाला, सांग. खात्री नसली तरी सांग. दहापैकी नऊ वेळा काही निघणार नाही, कुणी वैतागेलही. नवी आहेस, परदेशी आहेस, इंग्रजी बोलताना अडखळशील, आणि आठवडा फेस्टिव्हलचा असेल, तेव्हा तोंड उघडणं फार अवघड जाईल. तरी सांगायचं.

उड्यांचं शिक्षण तिथले लोक देतील, मी थोडकंच लिहितो. हर्डल साडेतीन फुटांच्या आसपास, धक्का लागला तर कलते. फेन्स किमान साडेचार फुटांची, काटक्या घट्ट ठासून भरलेली. ती क्षमा करत नाही. जमिनीवरच्या दांड्यांपासून सुरुवात होईल. तुझे हात शांत ठेव आणि उडी कुठून घ्यायची ते घोड्याला शोधू दे. पुढे संकटात त्याने स्वतः पाय सावरायला हवेत, तू दरवेळी सावरून दिलंस तर तो कधी शिकणार नाही.

ऑक्टोबरपासून खरी धावपळ. डिसेंबरात आठ वाजेपर्यंत उजाडत नाही, बादलीतलं पाणी गोठतं. 25 तारखेला शर्यती नसतात, पण चंदी, पाणी, साफसफाई असतेच, आणि 26 ला केम्प्टनला किंग जॉर्जची शर्यत असते. दिवाळीत आपली पागा कधी बंद राहिली आहे का? तसंच. त्या दिवसांत घरची फार आठवण येईल. बाबांना फोन कर, ते जागेच असतील.

जानेवारीच्या शेवटी चेल्टनहॅमलाच चाचणीच्या शर्यतींचा दिवस असतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला डब्लिनचं फेस्टिव्हल. तिथून मार्चपर्यंत पाच-सहा आठवडे उरतात, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त घोडे हातचे जातात. माणसाला राहवत नाही. अजून एक गॅलप, अजून एक शर्यत. प्रशिक्षक हेन्रिएटा नाइट यांनी आपल्या बेस्ट मेट या घोड्याला हंगामात मोजक्याच शर्यतींत पळवलं. लोक कुरकुरायचे, त्यांनी मनावर घेतलं नाही. तो 2002, 2003 आणि 2004 असे सलग तीन गोल्ड कप जिंकला. चौथ्या वर्षी फेस्टिव्हल तोंडावर आलं असताना सरावात त्याची रक्तवाहिनी फुटली आणि तो घरीच राहिला. एवढी काळजी घेऊनही. घोडाच नव्हे, फेस्टिव्हलही हातातून जाऊ शकतं. 2001 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीने ते पूर्ण रद्द झालं होतं, 2008 मध्ये वाऱ्याने बुधवार बुडाला आणि त्या दिवसाच्या शर्यती पुढच्या दोन दिवसांत बसवाव्या लागल्या.

शेवटच्या दहा दिवसांत मोठं काम संपलेलं असतं. तुझ्याकडे उरतं ते बघणं. वजन काट्यावर किती भरलं, श्वास किती वेळात उतरला, अंगावरची झळाळी गेली का, आणि गव्हाणीत काय उरलं. खाणारा घोडा मूठभर चंदी मागे ठेवतो तेव्हा तो तुला काहीतरी सांगत असतो, बहुधा ताप यायच्याही आधी. रात्रीची गव्हाण पहाटे सगळ्यात आधी तू बघ, दुसऱ्या कोणाला रिकामी करू देऊ नकोस.

एक गोष्ट तुला तिथे गेल्यावर आपोआप कळेल, पण ती माझ्याकडून कळलेली बरी. या खेळात घोडे मरतात. रोज ज्याला खरारा केलास तो सकाळी गाडीतून जाईल आणि संध्याकाळी रिकामा लगाम परत येईल, असा दिवस चौदा वर्षांत माझ्यावर तीनदा आला. त्या दिवशी कुणी कणखर राहायला सांगितलं तर ऐकू नकोस. रड. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना चंदी घालायला मात्र वेळेवर जा. आणि हे कधीच सोसवणार नाही असं वाटलं तर परत ये, तुझ्या बाबांना आणि मला तुझा अभिमानच वाटेल.

मुलगी म्हणून तुला कमी लेखणारा कोणी भेटला, तर वाद घालत बसू नकोस. रेचल ब्लॅकमोर 2021 मध्ये चॅम्पियन हर्डल जिंकली, त्या फेस्टिव्हलची अव्वल जॉकी ठरली, आणि पुढच्या वर्षी ए प्लस टार्डवर गोल्ड कप जिंकणारी पहिली स्त्री झाली. हे यार्डात सगळ्यांना माहीत आहे.

बाकी किरकोळ. किलो आणि मीटर विसर, स्टोन, पौंड, मैल, फर्लाँगमध्ये विचार करायला शीक, एक फर्लाँग म्हणजे साधारण आपले दोनशे मीटर. हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टरशिवाय घोड्यावर बसू नकोस, कितीही घाई असो. बक्षिसाच्या रकमेतला कामगारांचा वाटा असतो, तो कसा वाटतात ते पहिल्याच महिन्यात विचारून घे, लाजू नकोस. पॅडॉकमध्ये उत्तम सजवलेल्या घोड्याच्या सईसालाही बक्षीस मिळतं. खराऱ्यात तुझा हात तुझ्या बाबांचा आहे, ते बक्षीस तू आणशील अशी माझी खात्री आहे. लोकरीचे मोजे इथून नेऊ नकोस, तिथले चांगले.

गेल्यावर तुला बहुधा तीन-चार घोडे सोपवतील. त्यांची नावं कळव. कुणाला जुनी गाठ आहे, कोण हर्डलला घासून जातो, कोण रात्री चंदी ठेवतो, सगळं सविस्तर लिही. मी इथे वानवडीत रोज पाचला उठतोच.

तुझा,
काका