पाळकांनी राजकारणापासून लांब राहावं, असं निवृत्तीनंतर तरी वाटतं का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: तुम्ही सोलापूरचे, ख्रिस्ती घरातले, नोकरीला पुण्यात. पाळक उपदेशात जात आणि मजुरीवर बोलायला लागले म्हणून चर्चला जाणं सोडलं. सोबत ‘कैसराचं ते कैसराला’ (म्हणजे रोमच्या सम्राटाचं ते सम्राटाला द्या) हे येशूचं वचनही जोडलंय.

मी सोलापुरातच पाळक होतो. निवृत्त झालोय, आता बदलीची भीती नाही. लांब राहावं असं मला नोकरीत वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुम्ही दिलेलं वचन कराच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. रोमला कर द्यायचा की नाही, याहून राजकीय प्रश्न त्या काळी दुसरा कुठला होता? आणि येशूने ‘मी राजकारणावर बोलत नाही’ असं काही म्हटलं नाही.

खरं म्हणजे राजकारण चर्चमध्ये पाळक आणत नाही. ते जातीच्या दाखल्यातून येतं. एक तरुण लग्नाचं विचारायला आला होता. लहानपणापासून संडे स्कूलला आलेला, ख्रिस्तजन्माच्या नाटकात दर वर्षी मेंढपाळ व्हायचा. मी 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचं रजिस्टर काढलं, तर तो खुर्चीच्या कडेवर सरकून हळूच म्हणाला, “पाळकसाहेब, त्यात नको. जात पडताळणी व्हायचीय अजून.” शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याची नोंद हिंदू अनुसूचित जातीची होती. मग लग्न सरकारी नोंदणी पद्धतीने झालं आणि मी हॉलमध्ये जाऊन फक्त प्रार्थना केली.

हे असं का होतं, ते तुमच्या वयाच्या मुलांना ठाऊक नसतं. अनुसूचित जातींबाबतचा 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आहे, त्याचा तिसरा परिच्छेद वाचा. सुरुवातीला अनुसूचित जातीचा दर्जा आणि त्याची सवलत मुख्यतः हिंदूंपुरतीच होती. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली होती, ती तशीच पडून राहिली. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावात घर वस्तीतून हलत नाही, पण दाखला मात्र जातो. आणि आमच्याच चर्चच्या मंडळ्यांत सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ हे विचारतातच, ते काही सरकारने शिकवलेलं नाही. आता यावर उपदेशात बोलायचं नाही, तर मग कुठे?

हां, एका बाबतीत मी कडक होतो. महापालिकेची निवडणूक आली की उमेदवारांना चर्चची आठवण येते. “आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देतो, उपासनेनंतर फक्त दोन शब्द बोलू द्या.” सगळ्या पक्षांचे यायचे, पुरोगामी म्हणवणारेही. मी म्हणायचो, या, बाकावर बसा, गीताचं पुस्तक घ्या. पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, नाही. आमच्या पंचांना याचा राग यायचा, कारण पावसाळ्यात आवारात खरंच चिखल व्हायचा. पण मजुरीवर बोलणं वेगळं आणि निवडणूक चिन्ह सांगणं वेगळं. दुसरं करणाऱ्या पाळकाला सोडून तुम्ही गेला असाल, तर मी तुमच्या बाजूचा.

मजुरीचंच सांगतो. चर्चच्या महिला संघातल्या काही बायका बिड्या वळायच्या. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणायचा, पान भिजवायचं, कापायचं, वळायचं, बांधायचं. माल नेला की तपासणारा त्यातल्या काही बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्याही परत मिळायच्या नाहीत. एका रविवारी मी बायबलमधला आमोस वाचला, आठवा अध्याय. माप लहान करून वजन मोठं करणारे व्यापारी आहेत त्यात. मी स्पष्टीकरण द्यायच्या आधीच मागून एक मावशी म्हणाल्या, “छाट, छाट!” अख्खं चर्च हसलं. त्या दिवशी माझा उपदेश त्यांनीच केला म्हणा ना.

याच बिडी कामगार बायकांसाठी कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, ती कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तरांच्या लाल बावट्याच्या लढ्यातून. देव न मानणाऱ्यांनी विधवांना छप्पर दिलं आणि आम्ही विधवांवर उपदेश दिले. हे मी पुलपिटवरून बोललो, तर ‘पाळक कम्युनिस्ट झाले’ म्हणून वर तक्रार गेली. गेली तर गेली.

श्रद्धा घरात ठेवा, हे सोलापूरकराने तर म्हणूच नये. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खणवला, असं आपल्याकडे लहान पोरही सांगतं. त्यांच्या नावाने जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, आपण सगळे जाऊन पाळण्यात बसतो, भजी खातो. (ख्रिस्ती माणसाने गड्ड्याला जावं का, असं तरुण संघ दर वर्षी विचारायचा. मी स्वतःच जायचो.) त्याच गावात उजनी धरण भरलेलं असताना नळाला कित्येक वर्षं चार-पाच दिवसांनी पाणी आलं, आणि त्याबद्दल प्रार्थनेपलीकडे काही बोलू नये म्हणता?

बाकी मोबाईलवरच्या उपासनेचं तुम्ही विचारलंय. आजारी माणसासाठी ती उत्तम. तुम्ही धडधाकट आहात. मोबाईलवर न पटलेला उपदेश पुढे ढकलता येतो, आणि शेजारी कोण बसलंय हेही दिसत नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं तर बोलूच नका, तिथे सकाळी वचन आणि दुपारी शेजारच्या धर्माला शिव्या, एकाच माणसाकडून. मी तो ग्रुप सोडलाय.

पुण्यात मराठी मंडळ्या आहेत, एखाद्या रविवारी जा. उपदेश पटला नाही तर चहाला थांबा आणि पाळकांना गाठून तोंडावर सांगा. “छान झाला हं उपदेश” म्हणत हात मिळवून जाणारे मला फारसे आठवत नाहीत. भांडायला येणाऱ्यांपैकी दोघं-तिघं अजूनही संध्याकाळी घरी येतात.