ठाण्यात सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा घ्यायची आहे: ३जी, ४जी, ५जी की ६जी? की सरळ १२५?

तुम्ही लिहिलंय की घर मानपाड्याला, गाडी मुख्यतः मिसेस चालवणार, वागळे इस्टेटपर्यंत रोजचं जाणं-येणं आणि अधूनमधून मागे मुलगा. त्या हिशोबाने सांगतो. ३जी ते ६जी म्हणजे होंडाच्या या एकाच स्कूटरच्या ओळीने आलेल्या पिढ्या. बजेट पोहोचत असेल तर ६जी. पोहोचत नसेल तर ३जी, ४जी, ५जी यांत डोकं घालवू नका, जी चांगली सांभाळलेली दिसेल ती उचला.

कारण या तिघींचं इंजिन मुळात एकच आहे. १०९ सीसीचं, कार्बोरेटरवालं (पेट्रोल-हवा मिसळायची जुनी पद्धत), ताकद आठ पीएसच्या (म्हणजे अश्वशक्तीच्या) आसपास. पुढची-मागची दोन्ही चाकं दहा इंची, ब्रेक दोन्हीकडे ड्रम. ३जी आली २०१५ मध्ये. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचा जुना निकष) गाड्यांची विक्री बंद झाली, म्हणून ४जीला बीएस-४ इंजिन आणि दिवसाही पेटता राहणारा हेडलाइट आला. ओळखायची सोपी खूण हीच: ३जीच्या हँडलवर हेडलाइट चालू-बंद करायचं बटण असतं, ४जीला नसतं. बंदीच्या आदल्या दोन दिवसांत शोरूमवाल्यांनी भरपूर सूट देऊन बीएस-३ गाड्या काढल्या होत्या, त्यामुळे मार्च २०१७ च्या नोंदणीच्या ३जी बाजारात अजून पुष्कळ दिसतात. विकणारा "२०१७ ची आहे, म्हणजे ४जीच" म्हणाला तर आधी ते बटण बघा. २०१८ च्या ५जीत एलईडी हेडलाइट, मीटरमध्ये छोटा डिजिटल पडदा आणि चावीशेजारी सीट उघडायचं बटण आलं. बरं आहे, पण एवढ्यासाठी पाच-सात हजार जास्त मोजावेत असं मला वाटत नाही.

खरा फरक जानेवारी २०२० मध्ये पडला. ६जी आली ती बीएस-६ आणि फ्युएल इंजेक्शन (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणारी यंत्रणा) घेऊन. ताकद कागदावर किंचित घटली, ७.७९ पीएस झाली, पण चालवताना ते जाणवत नाही. जाणवतं ते पुढचं चाक आणि सस्पेन्शन. पुढे बारा इंची चाक आणि टेलिस्कोपिक फोर्क (मोटरसायकलसारखे नळीचे शॉकअप) आले. आधीच्या गाड्यांना पुढे लिंकवालं सस्पेन्शन होतं. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर, मेट्रोच्या कामाने उखडलेल्या पट्ट्यांवर आणि पेव्हर ब्लॉकच्या उंचवट्यांवर ते थेट मनगटात हादरे देतं. रोज चालवणाऱ्या माणसासाठी मी फक्त या एका कारणाने ६जी म्हणेन. बाकी पेट्रोलचं झाकण बाहेर आलं, पंपावर उतरून सीट उघडायची कटकट गेली, सेल्फ मारला की आवाज जवळजवळ होत नाही, ही वरची मलई.

६जीची एक बाजू मात्र लक्षात ठेवा. इंजेक्शनला वीज लागते. बॅटरी पार झोपली तर नुसत्या किकवर ती उठेलच असं नाही, जुनी कार्बोरेटरवाली बहुधा उठते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर मधूनमधून सुरू करत जा.

१२५ बद्दल. बीएस-६ च्या १२५ची ताकद ८.३ पीएसच्या आसपास, म्हणजे ६जीपेक्षा जेमतेम अर्धा पीएस जास्त. टॉर्कमध्ये, म्हणजे ओढ घेण्याच्या जोरात, फरक आहे, साधारण पावणेनऊच्या जागी सव्वादहा न्यूटन-मीटर. मागे मोठं माणूस बसवून रोज गायमुखचा घाट चढायचा असेल तर १२५ घ्या. मानपाडा ते वागळेला, सिग्नल आणि पुलाखालच्या गर्दीत, त्याचा उपयोग होत नाही. हो, १२५ला पुढे डिस्क ब्रेकचा पर्याय मिळतो, पावसाळ्यासाठी तो मोह मला पटतो.

जाहिरातीत नुसतं "अ‍ॅक्टिव्हा" लिहून अ‍ॅक्टिव्हा-आयही विकली जाते. ती फायबर बॉडीची, वजनाला हलकी. वाईट नाही, फक्त पत्र्याच्या बॉडीचा भाव देऊ नका.

बघायला जाल तेव्हा गाडी थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. मेन स्टँडवर लावून हँडल हळूहळू फिरवा, मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. जुन्या गाड्यांत खड्ड्यावर पुढून खटखट आली तर लिंकचे बुश (सांध्यातले छोटे नळकांडे) झिजलेत. जागेवरून निघताना गाडी थरथरली तर क्लच बघायला लागेल. मागचं चाक फिरवणारा बेल्ट कधी बदलला तेही विचारा. फुटबोर्डच्या खाली टॉर्च मारून गंज आणि सुकलेला गाळ शोधा. वंदना टॉकीजसारख्या भागात पाणी तुंबतं, आणि एकदा बुडालेली गाडी पॉलिश करून विकणारे कमी नाहीत. शेवटी मागे माणूस बसवून उपवनकडून येऊरच्या चढावर थोडी न्या, इंजिन दमलेलं असेल तर तिथे लगेच कळतं.

कागदांत आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर तो उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ई-चलन गाडीच्या नंबरवर चिकटलेलं राहतं, तेव्हा थकलेली चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या नोंदणीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवावी लागते, ती बसलेली नसेल तर तो खर्च भावातून वजा करा. नंबर ठाण्याच्या एमएच-०४ ऐवजी कल्याणचा ०५ किंवा नवी मुंबईचा ४३ असेल तर नाव बदलायला काय काय लागेल ते आरटीओत आधीच विचारून घ्या. आणि २०१५ ची ३जी घेत असाल तर २०३० मध्ये तिला पंधरा वर्षं होतील. पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर तेव्हा तुमच्याच खिशातून जाणार, त्यामुळे भाव करताना ते आत्ताच बोला.