बिलासाठी दिलेला नंबर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही चौघी मैत्रिणी दर महिन्याला एकाच हॉटेलात जेवायला जाता. तिथला एक वेटर ओळखीचा झाला, गावाकडच्या गप्पा व्हायला लागल्या. मागच्या वेळी बिल करताना मोबाईल नंबर मागितला, तुम्ही दिला. दोन दिवसांनी त्याच वेटरचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, 'मॅडम परत कधी येणार?' तुम्ही उत्तर दिलं नाही, तर रात्री साडेअकराला दुसरा आला, 'डीपी मस्त आहे'. तक्रार करावी तर गरिबाची नोकरी जाईल आणि गप्प बसावं तर झोप लागत नाही. त्यात घरचे म्हणतात, तूच जास्त बोललीस.

आधी घरच्यांचं बोलणं बाजूला ठेवा. जो माणूस तुमच्यापुढे ताट ठेवतो त्याला गाव विचारणं, नाव लक्षात ठेवणं, हसून 'येतो हं' म्हणणं, यात चूक कुठली? मी या धंद्यात २८ वर्षं काढली. १९९५ साली सोळाव्या वर्षी दादरला एका उडपी हॉटेलात टेबलांवर फडका मारायला लागलो. रात्रशाळेतून दहावी केली, मग वेटर झालो, कॅप्टन म्हणजे वेटरांचा प्रमुख झालो आणि शेवटची ११ वर्षं पुण्यात मॅनेजर होतो. तुमच्यासारखी माणसं आली की वेटरचा दिवस बरा जातो, हे अगदी मनापासून सांगतो. पण तुम्ही त्याच्याशी चांगलं बोललात म्हणून तुमचा नंबर त्याचा होत नाही. तो नंबर तुम्ही हॉटेलला दिला होता, तोही बिलापुरता.

आता काय करायचं ते सांगतो. त्याला एकदाच, साध्या भाषेत मेसेज पाठवा: 'हा नंबर मी बिलासाठी दिला होता. यापुढे मेसेज किंवा फोन करू नका.' एवढंच. सॉरी नको, 'राग मानू नका' नको, हसरा चेहराही नको. मग दोन्ही मेसेजचे आणि तुमच्या उत्तराचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याला ब्लॉक करा. पुष्कळ बायका नुसतं ब्लॉक करतात, तेही त्यांच्या जागी बरोबरच आहे. पण स्पष्ट नकार लिहून ठेवलेला असला तर पुढे फार उपयोगी पडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, बाईने नको म्हणून स्पष्ट सांगितल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला तर तो गुन्हा आहे. दुसऱ्या नंबरवरून पुन्हा मेसेज आला तर तुमच्या हातात सगळं तारखेनिशी असेल. देव करो आणि ती वेळ न येवो.

नंबर वेटरच्या हातात जातो कसा, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुष्कळ हॉटेलांत गल्ल्यावरच्या मशीनमध्ये नंबर टाकला की तो बिलावरही छापून येतो, आणि ते बिल फोल्डरात घालून टेबलावर कोण आणतं? वेटरच. अभिप्रायाचा कागद गोळा करणाराही तोच. सगळ्यात वाईट म्हणजे रविवारी संध्याकाळी दारात ठेवलेली वेटिंगची वही. नाव, नंबर, माणसं किती. चाळीस-पन्नास कुटुंबांचे नंबर उघडे पडलेले असतात. रांगेतला कुठलाही माणूस वाचू शकतो आणि रात्री ती वही कुठल्या तरी खणात फेकून दिलेली असते. माझ्या हॉटेलातही असंच होतं. एका ताईंनी मला वहीवर बोट ठेवून विचारलं, 'माझ्या वरच्या ओळीतला नंबर मला पाठ झालाय, चालेल का?' त्या दिवसापासून आम्ही वहीत फक्त नाव लिहायला लागलो. नाव पुकारायचं, माणूस येतो. काही अडलं नाही.

बिलासाठी नंबर द्यायलाच हवा असंही नाही. 'नंबर द्यायचा नाही' म्हटलं तरी बिल निघतं. मशीन अडत असेल तर ती अडचण हॉटेलची. आणि तुम्ही विश्वासाने दिलेली माहिती दुकानदाराने दुसऱ्याला दिली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय. मॅनेजरशी बोलताना हे वाक्य जवळ असू द्या.

मॅनेजरकडे जायचंच. फोन न करता समक्ष जा. दुपारी चारच्या सुमाराला, जेव्हा हॉटेल रिकामं असतं आणि त्याला तुमच्याकडे बघायला फुरसत असते. एखादी मैत्रीण बरोबर न्या. स्क्रीनशॉट दाखवा आणि तीन गोष्टी मागा: माझा नंबर तुमच्या यादीतून काढा, त्याच्या फोनमधून तुमच्यासमोर काढायला लावा आणि आम्ही आलो की आमच्या टेबलावर तो नको. नोकरीचं काय करायचं ते त्यांच्यावर सोडा. तुम्ही 'काढून टाका' म्हणू नका आणि 'काढू नका' म्हणून गळही घालू नका. ते ओझं तुमचं नाही.

मॅनेजर काय करतो? मी काय केलं ते सांगतो. माझ्याकडे अशा दोन तक्रारी आल्या. पहिला मुलगा १९ वर्षांचा, गावाहून येऊन चार महिने झालेले. त्याला खरंच वाटलं होतं की मॅडम हसून बोलतात म्हणजे मैत्री झाली. त्याला समोर बसवून समजावलं, लेखी घेतलं आणि दोन महिने मागे पार्सलच्या खिडकीवर घातला. पुन्हा तक्रार आली नाही, आज तो नाशिकला कॅप्टन आहे. दुसरा तिशीचा. तिसऱ्या बाईने सांगितलं तेव्हा कळलं की बिलावरचे नंबर तो रोज उतरवून घ्यायचा. त्याचा त्याच दिवशी हिशेब केला. आधीच्या दोघी 'जाऊ दे, गरीब आहे' म्हणून गप्प बसल्या होत्या. म्हणून म्हणतो, तुमचा वेटर यातला कोणता आहे ते तुम्हाला घरी बसून कळणार नाही. ते त्याच्या मॅनेजरला कळू शकतं, पण तुम्ही सांगितलंत तरच. मॅनेजरने हात झटकले तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

एक विनंती मात्र करतो. त्याचा फोटो, नाव, गाव टाकून सोशल मीडियावर लिहू नका. हॉटेलबद्दल लिहायचं तर जरूर लिहा. पण त्या मुलाचा चेहरा एकदा फिरला की तो त्याच्या बहिणीच्या लग्नापर्यंत फिरत राहील, आणि चूक दोन मेसेजची होती. हे तुम्ही गप्प बसावं म्हणून सांगत नाही. तक्रार योग्य माणसाकडे पोचावी म्हणून सांगतोय.

तुम्ही शेवटी विचारलंत की वेटरशी नेमकं किती बोलावं. माझं उत्तर असं: समोरच्याला तिथून निघून जाता येतं का, ते बघावं. वेटरला तुमच्या टेबलापासून निघून जाता येत नाही. तुम्ही काहीही विचारलंत तरी त्याला हसून उत्तर द्यावंच लागतं. पगार किती, लग्न का नाही केलं, कुठल्या जातीचा, दाढी का वाढवलीस, हे सगळं लोक विचारतात आणि तो पाण्याचा जग हातात धरून उभा असतो. त्याने मेसेज केल्यावर तुमचं तेच झालं. आपल्याच फोनपासून तुम्ही कुठे जाणार? दोन्हीकडचा त्रास एकाच जातीचा आहे.

या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट चुकली, ती सांगतो. २०१६ च्या सुमाराची. आमच्याकडे नगर जिल्ह्यातली एक मुलगी वाढायला होती, २० वर्षांची, कामाला फार नीट. शनिवारची रात्र, सात नंबरच्या टेबलावर आठ पुरुष, कुणाचा तरी वाढदिवस. ती रोटी ठेवायला वाकली की त्यातला एक तिचं मनगट धरायचा आणि म्हणायचा, 'तू पण बस ना, खा आमच्याबरोबर.' दोनदा झालं. ती आत दाराशी येऊन मला म्हणाली, 'सर, मला सात नंबर नको.' मी लगेच तिथे एका मुलाला पाठवलं आणि तिला पलीकडच्या फॅमिली सेक्शनला टाकलं. मला वाटलं, निभावलं. थोड्या वेळाने त्या टेबलावरून मोठ्याने आवाज आला, 'ती पोरगी कुठे गेली?' मी जाऊन हसत सांगितलं, 'तिची ड्यूटी संपली साहेब.' ती चार पावलांवर उभी होती, हातात रिकाम्या वाट्यांचा ट्रे.

रात्री कपडे बदलून निघताना ती एवढंच म्हणाली, 'सर, माझी ड्यूटी संपली हे तुम्ही त्यांना सांगितलंत. हात लावायचा नाही हे नाही सांगितलंत.' महिना भरल्यावर पगार घेऊन ती गेली. परत आली नाही.

कायदाही तिच्या बाजूने होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकाची जबाबदारी फक्त आतल्या माणसांपुरती ठेवत नाही. तिथे येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवायचं, असं त्यात स्पष्ट आहे. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत नसलं तरी टेबलापर्यंत चालत जायला काय लागतं? त्यानंतर मी स्वतः जायला लागलो. आवाज चढवायचा नाही, टेबलाच्या कडेला उभं राहून सांगायचं, 'साहेब, स्टाफला हात लावायचा नाही. जेवण आणू की बिल आणू?' असं पुढे तीनदा करावं लागलं. दोन टेबलं निमूट जेवली. एक उठून गेलं, ते पैसे मालकाने सोडले, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. तुम्ही शेजारच्या टेबलावर असाल आणि असं काही दिसलं तर तुम्हीही मॅनेजरला बोलवा. त्या मुलीला बोलवता येत नाही.

चांगली ओळख कशी असते, तेही सांगतो. दादरला रोज दुपारी तीनला एक निवृत्त शिक्षक यायचे. एक इडली, एक कॉफी. मी रात्रशाळेत जातो हे त्यांना कळलं तेव्हा ते केओटीच्या, म्हणजे ऑर्डर लिहून स्वयंपाकघरात द्यायच्या, कोऱ्या कागदावर मला समीकरणं सोडवून दाखवायचे. एकदा खुर्ची ओढून म्हणाले, 'बस रे जरा, उभ्याने गणित येत नाही.' मी बसलो नाही. वेटर गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसत नाही, आणि गल्ल्यावरून शेठ बघत होते. मी काही बोललो नाही, पण मास्तरांनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून कॉफी झाली की ते स्वतः उठायचे आणि पाण्याच्या टाकीजवळ, जिथे आम्ही उभे असायचो, तिथे येऊन उभ्यानेच शिकवायचे. त्यांनी मला कधी घरचं विचारलं नाही आणि मी त्यांना कधी पत्ता विचारला नाही. दहावीचा निकाल मात्र मी सगळ्यात आधी त्यांना दाखवला.

त्याच हॉटेलात कॅप्टनने मला पहिल्या आठवड्यात बजावलं होतं की टेबलावरचं बोलणं टेबलावरच ठेवायचं. पाहुण्याने ओळख दाखवली तरच आपण दाखवायची. 'काल साहेब कुणाबरोबर तरी आले होते' हे वेटरच्या तोंडून कधीही निघता कामा नये. हल्ली मुलांना दोन दिवसांत फ्लोअरवर उभं करतात, हे शिकवायला कुणाला वेळच नसतो. तुमच्या मॅनेजरला हेही सांगा.

टिपबद्दल थोडक्यात. टिप खुशीची, तिने काही विकत घेतलं जात नाही आणि न दिल्याने काही देणंही राहत नाही. बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते कायम ठेवलं. तो काढायला सांगायचा असेल तर मॅनेजरला सांगा. वेटरच्या हातात ते नसतं, आणि तुमच्या रागाचं धनी मात्र त्यालाच व्हावं लागतं. दुसरं म्हणजे, वेटरच्या स्वतःच्या क्यूआर कोडवर टिप पाठवली की त्याला तुमचं नाव दिसतं, आणि पुष्कळांच्या यूपीआय आयडीत मोबाईल नंबरच असतो. म्हणून टिप रोख द्या. ती डब्यात पडते, आणि बहुतेक ठिकाणी डब्यातून मोरीवर भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळतो.

आता पुढच्या महिन्यात तिथे जायचं की नाही, हे तुम्ही चौघींनी ठरवा. मन घेत नसेल तर जाऊ नका. गेलात तर दुसऱ्या सेक्शनला बसा. तिथला जो कुणी पाणी घेऊन येईल त्याच्याशी तुम्ही नेहमी बोलता तसंच बोला, त्याचं गाव कोणतं ते विचारा. बिलाच्या वेळी नंबर विचारला तर 'नको' म्हणा आणि सुटे पैसे मागून घ्या.