प्रकल्पाआधीची पाहणी: मुलीला पाठवावं का?

निफाडहून एका वडिलांनी लिहिलंय: 'मुलगी नाशिकला बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासायचं काम करायचं म्हणते. यात पोट भरेल का? आणि कारखानेवाल्यांशी वैर कशाला?'

नमस्कार. वैराचं मनातून काढून टाका, या कामाचे पैसे कारखानेवालाच देतो. 2006च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार धरण, खाण, ठरावीक क्षमतेपुढचा साखर कारखाना किंवा डिस्टिलरी यांना आधी पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठीचा अहवाल सल्लागार संस्था बनवतात. खरी गोम तिथेच आहे: ज्याचा प्रकल्प, त्याचाच पैसा.

एक उदाहरण तुमच्या तालुक्यातलंच घ्या. साधारणपणे प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटरमधली हवा, पाणी, झाडं, प्राणी यांची नोंद करतात, तीही बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच हंगामात. समजा, नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याजवळच्या प्रकल्पाची पाहणी एप्रिल-मेमध्ये उरकली. हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी तोवर निघून गेलेले. यादीत ते नाहीत, म्हणजे अहवालापुरते ते नाहीतच! 'हिवाळ्यात पुन्हा जाऊ' असं साहेबाला सांगणारं माणूस तिथे लागतं. तुमची लेक तेवढी ठाम आहे का, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. चांगलीच, पण तिने वनस्पती सोडू नयेत. या क्षेत्रात हवा, भूजल, जैवविविधता, सामाजिक-आर्थिक असे वेगवेगळे तज्ज्ञ लागतात. सगळ्यातलं थोडं थोडं येणाऱ्याला फारसं कोणी विचारत नाही. जोडीला क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकू द्या, ते फुकट मिळतं. मराठीही पक्की हवी. जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, आणि तो वाचून गावकऱ्याला काही कळलं नाही तर सुनावणीला अर्थ काय?

पोट भरतं, पण सुरुवातीचा पगार बेताचाच. उन्हातान्हात फिरावं लागतं, मुक्कामही पडतात. बाहेरगावच्या मुक्कामाची सोय काय, हे मुलाखतीतच विचारायचं. त्यात लाजू नये. आणि हो, संस्थेला नॅबेटची, म्हणजे अशा सल्लागार संस्था तपासणाऱ्या मंडळाची, मान्यता आहे का, कोणत्या प्रकल्पांसाठी आहे, हे नॅबेटच्या यादीत आधी बघा. नसेल, तर चहा पिऊन परत या.